निगा विकायची कशी?

परभणी जिल्ह्यात जुना ट्रॅक्टर विकायला काढला की गिऱ्हाईक पहिल्यांदा मॉडेल विचारतं, मग किती तास चालला ते, मग टायर बघतं. कसा वापरला, ऑइल वेळेवर बदललं का, इथपर्यंत एखाद्याचा प्रश्न पोचतो. उत्तर ऐकलं जातं, पण भावात धरलं जात नाही. म्हणून घरच्या शेतापुरता जपून चालवलेला ट्रॅक्टर आणि साखर कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्या ओढून खिळखिळा झालेला त्याच सालचा ट्रॅक्टर, यांच्या भावात जेवढं अंतर पडायला हवं तेवढं पडत नाही. सांभाळणाऱ्याचा हा तोटा खरा आहे आणि तो मला सलतो. पण त्याचा सगळा दोष बाजाराला देता येत नाही, असं माझं मत आहे. आपला शेतकरी निगा राखतो, निगेचा पुरावा मात्र राखत नाही. आणि जी गोष्ट समोरच्याला दाखवता येत नाही तिचे पैसे तो देत नाही. या मताच्या उलट बोलणारे पुष्कळ आहेत, आणि ते बाजार कोळून प्यालेले आहेत. त्यांची बाजू मी एका मामाच्या तोंडी घातली आहे, माझी बाजू भाच्याच्या. माणसं कल्पनेतली आहेत, वाद मात्र सेलूपासून गंगाखेडपर्यंत कुठेही ऐकायला मिळेल असा आहे.

मामा : भाच्या, विकायचं शास्त्र सोपं आहे. ट्रॅक्टर धुऊन घे, बॉनेटवर रंगाचा हात फिरव, पुढचे टायर बदल, बॅटरी नवी टाक. एका सेलमध्ये चालू झाला की अर्धा सौदा झाला. आणि तोंड बंद ठेव. विचारतील तेवढंच सांग. तू म्हणतोस तसं निगेच्या नोंदींची वही काढून बसलास तर गिऱ्हाईक म्हणेल, हा एवढं का सांगतोय, काहीतरी भानगड दिसते. लोक डोळ्यांनी घेतात. पंधरा वर्षं तू रोज एअर क्लीनर साफ केलास, हे बॉनेटवर लिहिलेलं नसतं.

भाचा : नसतंच लिहिलेलं, आणि तिथेच आपण मार खातो. मामा, जुन्या मोटारींच्या बाजारात नेमकं हेच कसं घडतं यावर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला आणखी दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात या निबंधाचा वाटा मोठा. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत मांडतो. समजा, बाजारात एकाच मॉडेलचे दहा ट्रॅक्टर आहेत. पाच चांगले, खरी किंमत पाच लाख. पाच खराब, खरी किंमत तीन लाख. कोणता कसला हे विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा मधला भाव बोलतो, चार लाख. खराबवाला खुशीत देऊन टाकतो. चांगलावाला म्हणतो, चारला देण्यापेक्षा घरीच राहू दे, आणि बाजारातून निघून जातो. मागे खराबच जास्त उरतात, घेणाऱ्याच्या ते ध्यानात येतं, तो आणखी खाली बोलतो. रंगाचा हात आणि नवे टायर हे तर खराबवालाही करतो. त्याला ते जास्त गरजेचं असतं. म्हणजे तुमचं शास्त्र वापरून सांभाळलेला ट्रॅक्टर आपण होऊन खराबाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मग भाव रांगेचा मिळतो.

मामा : नोबेलवाल्याला सांग, आमच्याकडे आता नवाच स्वस्त झालाय. जीएसटी बाराचा पाच झाला, टायरांवरचाही उतरला. जुन्याला विचारतो कोण?

भाचा : २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला, खरं आहे. पण त्याचा अर्थ उलटा लावा. नवा उतरला की सगळ्या जुन्यांचा भाव खाली सरकतो. त्यात "जुना म्हणजे जुना" अशा सरसकट मोजणीत सापडलेला आणखी दबतो. आपला वेगळा आहे हे दाखवायची गरज आधी होती, आता जास्त आहे. शिवाय नव्याचा हप्ता ज्याला झेपत नाही तो जुनाच घेणार. दोन-चार एकरांवर ज्याचं पोट आहे आणि भाड्याच्या ट्रॅक्टरची वाट बघत ज्याची पेरणी लांबते, अशा माणसाला फसवणूक परवडतच नाही. खात्रीच्या मालाला तोच दोन पैसे जास्त देईल, कारण ऐन वापशात ट्रॅक्टर बंद पडला तर त्याचा हंगाम जातो.

मामांचा खरा आक्षेप मात्र पुढे आहे. तोच बाजारात सगळ्यात जास्त ऐकू येतो, म्हणून त्याला पुरेशी जागा द्यायला हवी.

मामा : बरं, दाखवू निगा. पण निगा दाखवायची म्हणजे खोडही दाखवावी लागेल. आपली लिफ्ट सावकाश खाली उतरते. क्लचप्लेट आणखी एखादा हंगाम काढेल. हे मी तोंडाने सांगू? सांगितलं की तो वीस हजाराच्या कामाचे पन्नास हजार कापतो. वर गावभर सांगत सुटतो की यांच्या ट्रॅक्टरचं काम निघालंय. मग दुसरं गिऱ्हाईक उंबऱ्याला येत नाही. न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. घेणाऱ्याला डोळे दिलेत देवाने.

भाचा : घेणाऱ्याने पारखून घ्यावं हे कायद्यालाही मान्य आहे. मालविक्रीचा १९३० चा कायदा, कलम १६, मुळात तेच धरून चालतो. काही अपवाद सोडले तर मालाच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही. पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ पण वाचा. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही तिथे फसवणूक ठरते. नुसतं गप्प राहणं वेगळं आणि चिरलेल्या हाउसिंगवर लांबी भरून रंग मारणं वेगळं. तुमच्या शास्त्रातला रंगाचा हात कधी या बाजूने त्या बाजूला जाईल, कळणार नाही. पण कायदा बाजूला ठेवू, व्यवहाराचं बोलू. तुम्ही लिफ्टचं सांगितलं नाही म्हणून तो पैसे कापत नाही असं वाटतं का तुम्हाला? तो आधीच कापून बसलेला असतो, आणि न दिसणाऱ्या सगळ्या दोषांचे मिळून कापतो. इंजिनाचं काम निघालं तर, गिअर गेला तर, मागचा एक्सल गेला तर. त्याच्या मनातल्या भीतीला आकडा नसतो, म्हणून ती मोठी असते. तुम्ही म्हणालात, लिफ्ट सावकाश उतरते, मिस्त्रीने बघितली, सील आणि मजुरीचा अंदाज हा चिठ्ठीवर लिहिलाय, एवढे कमी द्या. तर कापायला तेवढाच आकडा उरतो. आणि ज्याने न विचारता लिफ्टचं सांगितलं तो इंजिनाबद्दल बोलला तर त्याच्यावर विश्वास बसतो. दोष सांगण्याचा खरा मोबदला इथे मिळतो, बाकीचं सगळं बोलणं खरं मानलं जातं.

गावात बोभाटा होण्याची भीती मी हलकी धरत नाही. जिथे गिऱ्हाईक आणि विकणारा एकाच बाजाराला जातात तिथे शब्द फिरतो. पण तो दोन्ही बाजूंनी फिरतो. मराठवाड्याच्या बैलबाजारात ही रीत पूर्वीपासून आहे. लाल कंधारी किंवा देवणी जोडी घेताना माणूस जबडा उघडून दात बघतो, दोन दाती, चार दाती की जुळलेला. मग गाडीला किंवा औताला जुंपून चालवून बघतो. रुमालाखाली बोटांनी भाव ठरतो तो त्यानंतर. बैल मारका आहे, औतात बसतो, ही खोड लपवून विकणाऱ्याचं नाव पुढच्या बाजारी निघतं आणि त्याच्या दावणीकडे कोणी फिरकत नाही. म्हणजे जुंपून बघणं आणि खोड सांगणं हे शहाणपण आपल्याच मातीत होतं. बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला तेव्हा ते मागे पडलं. दात बघणाऱ्याला इंजिनाच्या आत बघता येईना, मग तो टायर बघू लागला.

मामा : वही दाखव म्हणतोस. वही काय, एका रात्रीत लिहून काढीन मी. दहा वर्षांच्या तारखा, वेगवेगळ्या शाईच्या पेनांनी. घेणाऱ्याने खरी कशावरून मानायची?

भाचा : हा प्रश्न एकदम रास्त आहे. नुसती वही कोणी मानू नये. नुसतं मीटरही मानू नये. जुन्या ट्रॅक्टरचं तासांचं मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं. ठरलेल्या वेगाला घड्याळाचा एक तास झाला की त्याचा एक तास भरतो, हळू चालवलं तर कमी भरतो. शिवाय केबल तुटली, किंवा तोडली, की ते थांबतंच. पण वही, बिलं आणि मीटर ही तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत, आणि जुळवून खोटं करणं अवघड जातं. एक नोंद कशी असावी ते बघा. तारीख. मीटरचे तास. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलला, किती लिटर. सोबत दुकानाचं बिल, त्यावर पार्टचा नंबर. अडीचशे तासांच्या आसपास पुढची नोंद. त्यात सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत एअर क्लीनरचं ऑइल मधेच बदलल्याचं लिहिलंय, कारण भुसा आणि धूळ तेव्हाच जाते. उन्हाळ्यात नांगरटीचे तास एकदम वाढलेले दिसतात, पावसाळ्यात थांबलेले. आपल्या भागातल्या शेतीचं वर्ष त्या आकड्यांत उमटलं पाहिजे. एका रात्रीत वही लिहिणाऱ्याला तारखा लिहिता येतील. पण बंद पडलेल्या दुकानाची बिलं तो कुठून आणेल? कंपनीच्या वर्कशॉपमधली जुनी जॉबकार्डं कशी बदलेल? आणि एवढं करूनही इंजिन उघडं पडायचं ते पडतंच.

हे उघडं पडणं महत्त्वाचं. वही सौदा करत नाही, ती तपासणीला रस्ता दाखवते. तपासणी सकाळी करायची, इंजिन रात्रभर थंड असताना. विकणाऱ्याने पाहुणे यायच्या आधी ट्रॅक्टर गरम करून ठेवला असेल तर बॉनेटवर हात ठेवला की समजतं, आणि का ठेवला असेल हेही समजतं. डिपस्टिक ओढायची, ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी जातंय. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघायचं. मग सेल मारायचा. सुरुवातीला थोडा काळा धूर येऊन निवळला तर ठीक. निळा धूर येतच राहिला तर ऑइल जळतंय. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढलं आणि तिथून भसाभसा हवा मारायला लागली तर रिंगा आणि बोअर झिजलेत, रंग कितीही चकचकीत असू दे. नांगर जोडून लिफ्टवर उचलायचा, इंजिन बंद करायचं आणि चहा पिऊन यायचं. तेवढ्यात नांगर किती खाली आला ते मोजायचं. स्टेअरिंग दोन्हीकडे हलवून चाक कधी वळायला लागतं ते बघायचं. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा नंबर पुसून आरसी बुकाशी ताडायचा. आणि शेवटी काळ्या भारी रानात दोन तास घालून नांगर ओढायला लावायचा, कारण रिकामा ट्रॅक्टर डांबरीवर सगळेच चांगले चालतात. ज्याने निगा राखली त्याने हे सगळं आपण होऊन करायला सांगावं. खराबवाल्याला ही तपासणी परवडत नाही, आणि त्याच्यापासून वेगळं दिसायला हीच जागा आहे.

समुद्रावर शिडाच्या बोटींचा व्यवहार असाच चालतो, आणि परभणीला समुद्र नसला तरी त्यातून घेण्यासारखं आहे. लांबच्या प्रवासाची शिडाची बोट पंधरा-वीस वर्षांची झाली म्हणून भंगारात जात नाही. गोव्याच्या बोटकारखान्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ २०१७ मध्ये दाखल झाली, २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन जगाला फेरी मारून आली, आणि २०२४-२५ मध्ये दोन महिला अधिकाऱ्यांनी त्याच बोटीवर पुन्हा फेरी पुरी केली. अशा बोटींचा खासगी सौदा होतो तेव्हा भाव ठरतो, इसार दिला जातो, पण सगळं तपासणीच्या अटीवर असतं. घेणारा आपल्या पैशाने स्वतंत्र तपासनीस नेमतो. बोट पाण्याबाहेर काढतात; तपासनीस लहान हातोडीने बूड ठोकत जातो आणि आवाज बदलतो तिथे थांबतो, ओल मोजायचं यंत्र लावतो, डोलकाठीच्या तारा आणि त्यांच्या टोकांच्या जोडण्या बघतो. मग बोट समुद्रात नेऊन शिडं चढवून चालवतात. अहवालात दोष निघाला तर भाव नव्याने ठरतो किंवा इसार परत होतो. या सगळ्यात विकणाऱ्याचं मुख्य भांडवल म्हणजे त्याची देखभालीची फाइल. ती नसेल तर तारा बदलल्या असल्या तरी बदलल्या नाहीत असंच धरलं जातं.

मामा : बोटवाल्यांचं त्यांच्यापाशी. कोट्यवधीच्या बोटीला तपासनीस परवडतो. आमच्या पाच लाखांच्या ट्रॅक्टरला कोण येणार?

भाचा : गावातला मिस्त्री येतोच की आजही. अडचण एवढीच की तो विकणाऱ्याच्या नाहीतर दलालाच्या ओळखीचा असतो. त्याची मजुरी घेणाऱ्याने द्यावी आणि त्याने चिठ्ठीवर सही करून काय बघितलं ते लिहून द्यावं, एवढा बदल केला तरी पुष्कळ झालं. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यात कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय आहे. ठरावीक फी घेऊन जुन्या ट्रॅक्टरची तपासणी करून कागद द्यायची सोय तिथे उभी राहिली तर नऊही तालुक्यांतल्या शेतकऱ्याला तिचा उपयोग होईल. हे अवघड काम नाही, कोणीतरी मागणी करायला हवी.

मामा : आणि घाई असली तर? मुलीचं लग्न, दवाखाना. गरजवंताला तुझी वही आणि तपासणी करत महिना घालवता येतो का? तो दलालाच्या हातात किल्ली देतो आणि पैसे घेऊन घरी येतो. नाहीतर शोरूमला एक्स्चेंजला लावतो.

इथे मामांचं बरोबर आहे आणि भाच्याला ते मान्य करावं लागेल. सांभाळलेल्या वस्तूला तिचा भाव मिळवायला वेळ लागतो, आणि अडलेल्या माणसाकडे तोच नसतो. दलालालाही मी खलनायक समजत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच बाजारात उभं राहायचं असतं म्हणून शब्द पाळणारे दलाल असतात, आणि त्यांची ओळख घेणाऱ्याला खात्रीच्या जागी चालते. पण घाईचा मुद्दा वहीच्या विरोधात जात नाही. अडलेल्या माणसाकडे आठ दिवस असतील आणि फाइल तयार असेल, तर त्या आठ दिवसांत दोन गिऱ्हाइकं खात्री करून घेऊ शकतात. फाइल नसेल तर महिनाही पुरत नाही. नोंदी विकायच्या दिवसासाठी ठेवायच्या असतील तर त्या ट्रॅक्टर घेतला त्या दिवसापासून सुरू करायला लागतात. फायनान्सने ओढून नेलेले ट्रॅक्टर लिलावात स्वस्त जातात यामागेही हेच एक कारण आहे. त्यांची किल्ली देणाऱ्याला ट्रॅक्टरचा इतिहास माहीतच नसतो, आणि घेणारा तो अंधार भावातून वजा करतो.

एक बाजू मात्र अशी आहे जिथे दोघांचं एकमत व्हायलाच हवं, आणि जिथे सांभाळणारा शेतकरीसुद्धा हलगर्जी करतो. ती कागदांची.

मामा : कागदाचं काय एवढं? बाँडवर लिहून घ्यायचं, टीटी फॉर्मवर सह्या करून द्यायच्या. तो करील त्याच्या नावावर.

भाचा : आणि नाही केला तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, फॉर्म २९. नावावर करून घेण्याचा अर्ज फॉर्म ३०. कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन आधी बोजा उतरवायचा. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक वाहन होतं. ते एकाकडून दुसऱ्याकडे विकलं जात राहिलं, नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहिली, आणि अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर टाकली. उद्या एमएच-२२ चा आपला नंबर लावून कोणी ट्रॉलीखाली माणूस घातला, तर बाँड दाखवून सुटका होणार नाही. आणि विकताना तुमच्या ट्रॅक्टरवर बोजा नाही, विमा चालू आहे, पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली असेल तर पुढच्या पाच वर्षांची करून घेतलीय, हे तयार असेल तर घेणाऱ्याच्या बँकेचंही काम लवकर होतं. कागद हा निगेचाच भाग धरा.

मामा : म्हणजे नाव बदलेपर्यंत ट्रॅक्टर अंगणात ठेवायचा? पेरणी तोंडावर असली तर घेणारा थांबेल का?

भाचा : इसार घ्या, पावती द्या. पावतीवर लिफ्टचा दोष आणि ठरलेली वजावट लिहा, दोघांच्या सह्या घ्या. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून परभणीला आरटीओत जा आणि अर्ज दाखल झाल्याची पोच हातात आल्यावर बाकी पैसे घेऊन किल्ली द्या. एक दिवसाचं काम आहे. तोवर घेणाऱ्याला त्याच्या रानात नांगर घालून बघू द्या, तुम्ही बांधावर उभे रहा.

मामा : आणि बिलं? ती तर तुझ्या मामीने कुठल्या डब्यात ठेवलीत कोण जाणे.

भाचा : ती आज शोधू. सापडतील तेवढी तारखेने लावू, आणि जी सापडणार नाहीत त्या जागी वहीत कोरी ओळ ठेवू.